मधमाश्यांची साप्ताहिक सुट्टी

शिक्षकांना विचार करायला शिकवावं, असं बाईंच्या मनात कधीच आलं नव्हतं. ते वरून आलं. वरून म्हणजे तिसऱ्या मजल्यावरच्या शिक्षण कार्यालयातून, एका पत्रातून. पत्रावर आवक क्रमांक, जावक क्रमांक, संदर्भ, विषय आणि तीन सह्या एवढं सगळं मावल्यावर मजकुराला दोन ओळी उरल्या होत्या. 'वर्गातील चिकित्सक विचार या विषयावर शिक्षकांची कार्यशाळा घेण्यात यावी. कार्यशाळेत कोणताही प्रश्न उपस्थित होणार नाही, याची दक्षता घ्यावी.'

हेडसरांनी ते पत्र दोनदा वाचलं, चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचलं आणि बाईंना बोलावणं पाठवलं.

"बाई, तुमचं वाचन दांडगं आहे," ते म्हणाले.

बाई काय ते समजल्या. शाळेत अचानक कोणाचं वाचन दांडगं निघालं, अक्षर वळणदार निघालं किंवा आवाज खणखणीत निघाला, की त्या माणसाच्या अंगावर काहीतरी येऊ घातलंय असं खुशाल धरून चालावं. त्या नाही म्हणायला तोंड उघडणार, तेवढ्यात हेडसरांनी आवाज खाली आणला.

"मार्गदर्शकाची जागा रिकामी होतेय. साहेब म्हणत होते, ह्या कामावर बघू."

बाईंनी तोंड मिटलं.

मार्गदर्शक म्हणजे शाळाशाळांतून फिरून शिक्षकांना शिकवायचं काम. बाई बावीस वर्षं पाचवी ते सातवीला विज्ञान शिकवत होत्या. त्या जागेसाठी त्यांनी दोनदा अर्ज केला होता. पहिल्यांदा अर्ज गहाळ झाला. दुसऱ्यांदा अर्ज सापडला, पण जागा एका तरुण गृहस्थाला मिळाली, आणि हा गृहस्थ सहावीत असताना बाईंनीच त्याला थर्मामीटर कसा धरायचा ते शिकवलं होतं. पुढे तो त्यांच्या वर्गाच्या तपासणीला आला. शेवटच्या बाकावर बसून त्याने शेरा लिहिला, 'शिकवणे समाधानकारक, सुधारणेस वाव.' तो वाव बाईंच्या मनात अजून रिकामाच होता. त्यांना ती जागा हवी होती. हे त्या कोणाजवळ बोलत नसत, म्हणून सगळ्यांना माहीत होतं.

घरी आल्यावर त्यांनी नवऱ्याला सांगितलं. नवरा पाण्याचे मीटर वाचायच्या खात्यात होता. दिवसभर लोकांच्या जिन्याखाली वाकून आकडे वाचून त्याची पाठ किंचित वाकली होती आणि बोलणं पार कमी झालं होतं.

"घे," तो म्हणाला.

"अहो, घे म्हणजे काय? ऐंशी शिक्षक आहेत. ऐंशी शिक्षकांना विचार करायला लावायचं!"

"मग नको घेऊ."

संसारात मसलत करायला माणूस मिळावं लागतं. बाईंना ते शेजारच्या दारात मिळत असे. तिथे इंजेक्शनवाल्या काकू राहत. पस्तीस वर्षं नर्स म्हणून काढल्यावर जगातल्या कुठल्याही अडचणीकडे त्या दंडाकडे बघितल्यासारख्या बघत.

"सोपंय गं," काकू म्हणाल्या. "विचार करायला लावणं म्हणजे टोचणंच. सांगून टोचलंस तर माणूस अंग आखडून घेतो. आधी इकडचं तिकडचं बोलायचं, 'सून कशी आहे, जागा मिळाली का' असं, आणि त्याचं लक्ष गेलं की द्यायची टोचून. कळेपर्यंत झालेलं असतं."

हा सल्ला ऐकून बाईंना खरोखरच एक गोष्ट सुचली. पुढचं सगळं रामायण त्या सुचण्यातून झालं, म्हणून ती नीट सांगायला हवी.

बाईंनी एक पान लिहिलं. त्यात एक विद्वान होते. या विद्वानांनी एका सरकारी बागेत दोन वर्षं मधमाश्यांचं निरीक्षण केलं. कुठल्या दिवशी किती माश्या फुलांवर आल्या, ते रोजच्या रोज वहीत मांडलं. दोन वर्षांनी वही चाळली, तर सोमवारपासून शनिवारपर्यंत शेकड्यांनी माश्या, आणि रविवारी एकही नाही. एकशे चार रविवार, आणि एकाही रविवारी एकही माशी नाही. त्यावरून विद्वानांनी सिद्ध केलं, की मधमाश्या रविवारी काम करत नाहीत.

दुसऱ्या पानावर प्रश्न होता: 'ह्यात चूक कुठे आहे?' आणि खाली उत्तर: 'सरकारी बागेतले विद्वान रविवारी रजेवर असत.'

पान लिहून झाल्यावर बाई स्वतःशीच हसल्या. वाचताना शिक्षक आधी माना डोलावतील, मग एखादा दचकेल, मग हॉलभर खसखस पिकेल, आणि जे दिसलं नाही ते नव्हतंच असं आपण किती सहज धरून चालतो, हे न शिकवता शिकवून होईल. आयुष्यात फार थोड्या वेळा माणूस स्वतःवर इतका खूश होतो. त्या वेळी शेजारी कोणीतरी शहाणं माणूस असायला हवं. शेजारी नवरा होता आणि तो झोपला होता.

साहित्य मंजुरीसाठी कार्यालयात द्यायचं होतं. तिथे टाचणीभाऊ बसत. त्यांचं खरं नाव पाटीवर होतं, पण टेबलावर कोपऱ्यात बशीएवढी टाचण्यांची उशी असे आणि बोलताना ते तिच्यातली एक टाचणी काढत, एक खोचत. टाचणी खोचली की विषय संपला असं समजून लोक उठत.

"तीन प्रती?" टाचणीभाऊ म्हणाले.

बाईंनी तीन प्रती दिल्या.

"अपेक्षित प्रश्नांची यादी?"

"कसली?"

"कार्यशाळेत शिक्षक जे प्रश्न विचारतील, त्यांची यादी. सोबत उत्तरं. मंजूर करून घ्यावी लागतात ना. ऐन वेळी कोणी काही विचारलं तर?"

"अहो भाऊ, ही विचार करायची कार्यशाळा आहे. काय विचारतील ते आधी कसं सांगू?"

"तेच म्हणतोय मी. आधी विचार करा." त्यांनी टाचणी खोचली.

बाईंनी तिथेच बाकावर बसून अकरा अपेक्षित प्रश्न लिहिले. ते एक ते अकरा असे रांगेत आणि वेळेवर विचारले जातील, असं खाली लिहूनही दिलं. टाचणीभाऊंनी ते वाचलं, समाधानाने मान हलवली आणि मग मधमाश्यांची पानं हातात घेतली.

"दोन पानं आहेत."

"हो."

"वाटपाला माणशी एक पान मंजूर आहे." आणि त्यांनी पहिलं पान शिक्क्यासाठी काढून घेतलं आणि दुसरं, उत्तराचं, फाइलला टोचून ठेवलं. "हे इथे सुरक्षित राहील."

बाईंनी हुज्जत घातली नाही. उत्तर काय, तोंडी सांगता येईल, असं त्यांना वाटलं.

कार्यशाळेचा हॉल मोठा होता आणि त्यात खुर्च्या भरपूर होत्या, पण त्या लोखंडी पट्टीने चार-चार एकत्र जोडलेल्या होत्या. बाईंना शिक्षक गोल करून बसायला हवे होते, म्हणजे कोणी पुढचा नाही, कोणी मागचा नाही. सकाळी शिपायाला हाताशी धरून त्यांनी वीस पट्ट्या ओढून गोल करायचा प्रयत्न केला. चार माणसं सरळ रेषेत जोडली गेली की त्यांचा गोल होत नाही. जे झालं ते अनेक कोपऱ्यांचं काहीतरी होतं आणि त्यात दरवाजा अडकला. शेवटी सगळं पुन्हा रांगेत लावेपर्यंत शिक्षक आलेच. बॅनर आदल्या दिवशीच लागला होता. त्यावर वर साहेबांचं पद मोठ्या अक्षरांत होतं, त्याखाली कार्यालयाचं नाव, आणि उरलेल्या चार बोटं जागेत 'चिकित्सक विचार'. मागच्या रांगांना तेवढं वाचता येत नव्हतं.

साहेब येणार नव्हते, ते आले. 'दहा मिनिटं बसतो' म्हणाले आणि पहिल्या रांगेत मध्यभागी बसले. साहेब माणूस वाईट नव्हते. त्यांना पाठीमागून कोणी बोललं की ते पूर्ण वळून बघत, एवढंच. पण ऐंशी माणसांच्या हॉलमध्ये एवढंही पुष्कळ होतं.

बाईंनी पानं वाटली. प्रत्येक पानावर उजव्या कोपऱ्यात गोल निळा शिक्का होता: मंजूर. शिक्षकांनी पान वाचलं. माना डोलावल्या. इथपर्यंत सगळं बाईंच्या मनासारखं झालं.

"मग?" बाई म्हणाल्या. "काय वाटतं?"

पंख्याचा आवाज आला.

"अगदी मोकळेपणाने बोला. काही खटकतंय का?"

तिसऱ्या रांगेतल्या भूमितीच्या सरांनी घसा खाकरला. बाईंना आशा वाटली. भूमितीचे सर निवृत्तीला आलेले होते, टोकदार होते आणि आयुष्यभर त्यांनी कोणाचीही सिद्धता सहजासहजी मान्य केली नव्हती. त्यांनी पानाकडे पाहिलं, शिक्क्याकडे पाहिलं, साहेबांच्या मानेकडे पाहिलं आणि खिशातून रुमाल काढून तोंड पुसलं.

मग चौथ्या रांगेतल्या एका शिक्षिकेने उभं राहून अपेक्षित प्रश्न क्रमांक एक विचारला. ती यादी सगळ्यांना आधीच वाटली गेली होती, हे बाईंना तेव्हा कळलं. मग क्रमांक दोन आला. अकरापर्यंत सगळे रांगेने आणि वेळेवर आले. बाई मंजूर उत्तरं देत राहिल्या आणि त्यांना आतून असं वाटत राहिलं, की आपण जिना उतरतोय आणि पायऱ्या संपतच नाहीत. अकरावं उत्तर झालं की चूक उघडी करायची, असं ठरवून त्यांनी श्वास घेतला. तेवढ्यात साहेब उभे राहिले.

"अतिशय उपयुक्त," साहेब म्हणाले. त्यांच्या हातात पान होतं. "मी स्वतः इतकी वर्षं ह्या खात्यात आहे, पण मधमाश्यांबद्दल ही माहिती मला नव्हती. बघा, निसर्गसुद्धा शिस्त पाळतो! एवढासा जीव, पण सहा दिवस काम आणि एक दिवस विश्रांती. हे मुलांपर्यंत गेलं पाहिजे. आणि मला इथेच सांगायला आनंद वाटतो, की मार्गदर्शकाच्या जागेसाठी आमची शोधाशोध संपलेली आहे."

टाळ्या झाल्या. साहेबांनी बाईंकडे बघून हात केला.

इथे बाईंच्या बाजूने पुष्कळ काही सांगता येईल. माइक साहेबांच्या हातात होता. जेवणाची वेळ झाली होती. भरल्या हॉलमध्ये साहेबांना खोटं पाडायचं म्हणजे काय, ते ज्याने नोकरी केलेली नाही त्याला कळायचं नाही. पण खरं ते खरं. माइक परत बाईंच्या हातात आला होता. तीनेक सेकंद तो त्यांच्या हातात होता. त्यांनी त्यात म्हटलं, "धन्यवाद."

उद्या सांगू, असं त्यांनी ठरवलं.

उद्या साहेब दौऱ्यावर होते. परवा दिवशी पान सगळ्या शाळांना 'पूरक वाचन' म्हणून गेलेलं होतं, खाली 'संकलन' म्हणून बाईंच्या नावासह. बाई कार्यालयात धावल्या.

"भाऊ, त्या पानात चूक आहे."

टाचणीभाऊंनी एक गठ्ठा पुढे ओढला. "ऐंशी अभिप्राय आलेत. साहित्याचा दर्जा: उत्कृष्ट. ऐंशीपैकी ऐंशी. चूक कुठे आहे?"

"अहो, चूक मी मुद्दाम घातली होती!"

टाचणीभाऊंचा हात उशीवर थांबला. त्यांनी मागेपुढे पाहिलं आणि पहिल्यांदाच माणसासारख्या आवाजात बोलले. "बाई, असं कोणाला सांगू नका. अजाणता झाली तर चूक असते. मुद्दाम घातलीत तर चौकशी लागते. तुमच्या नेमणुकीचं पत्र टायपिंगला गेलंय. एवढं येऊ द्या."

बाई घरी आल्या. त्या आठवड्यात त्या आपल्याशीच एक गोष्ट पुन्हा पुन्हा बोलत होत्या, की एवढंसं तर आहे. मधमाश्यांचं कोणाला काय पडलंय! रविवारी त्या काम करोत, नाहीतर लोळत पडोत, कोणाचं काय बिघडतं?

पण लोकांना पडलं होतं. ज्यांची मुलं शाळेत होती त्या सगळ्यांना आता हे ठाऊक झालं होतं. खालच्या मजल्यावरचा शिंपी म्हणाला, "मलाही रविवारी कधी दिसली नाही बुवा." रविवारी त्याचं दुकान बंद असायचं. इंजेक्शनवाल्या काकूंनी मात्र प्रकरण मनावर घेतलं. रविवारी सकाळी त्या कुंडीसमोर स्टूल टाकून बसल्या आणि दुपारी बाईंच्या दारात आल्या.

"एक दिसली गं."

"हो?" बाईंच्या जिवात जीव आला.

"दिसली. पण कामावर होती का सहज आली होती, ते कसं कळायचं?"

मग घटक चाचणी आली. प्रश्नपत्रिका सगळ्या शाळांना एकच, कार्यालयातून आलेली. रिकाम्या जागा भरा, प्रश्न चौथा: मधमाश्या ......... या दिवशी काम करत नाहीत. उत्तरसूचीत होतं: रविवार.

बाई टेबलाशी पेपर तपासायला बसल्या. अडतीस मुलांनी लिहिलं होतं, रविवार. बाई अडतीस वेळा बरोबरची खूण करत गेल्या आणि प्रत्येक खुणेला पेन जड होत गेलं. एकोणचाळिसावा पेपर सहावीतल्या त्या मुलीचा होता, जिचे वडील मधाच्या पेट्या ठेवत. मुलगी मितभाषी होती, अंगावर नेहमी माशी चावल्याच्या एकदोन गांधी असत आणि ती त्या बिनतक्रार मिरवत असे. तिने रिकाम्या जागेत रेघ मारली होती आणि समासात लिहिलं होतं: 'असा कोणताही दिवस नाही. आमच्याकडे तर रविवारी जास्त चावतात.'

उत्तरसूचीप्रमाणे शून्य होत होतं. तपासलेले पेपर कार्यालयात फेरतपासणीला जात. तिथे हा पेपर कोणी उघडला असता, तर संकलन करणाऱ्या बाईंनीच स्वतःच्या पानाविरुद्ध गुण दिल्याचं दिसलं असतं. नेमणुकीचं पत्र टायपिंगला होतं.

बाईंनी शून्य दिलं.

पेपर वर्गात परत दिले, तेव्हा त्या मुलीने शून्याकडे बघितलं आणि मग बाईंकडे. रागाने बघितलं असतं तर बरं झालं असतं. तिने असं बघितलं, की तिला कळलंय, बाईंना माहीत आहे. मग तिने पेपराची घडी घालून दप्तरात ठेवली. त्या दिवसापासून पुढचे नऊ दिवस तिने वर्गात बोट वर केलं नाही. बाईंनी नऊ दिवस मोजले होते.

नवव्या दिवशी जेवताना बाईंनी हातातला घास ताटात ठेवला. "तुम्ही कधी चुकीचा आकडा लिहिलाय हो?" त्यांनी नवऱ्याला विचारलं.

नवऱ्याने बराच विचार केला. "एकदा. घरमालकीण फार चांगली होती. पाणी द्यायची प्यायला."

"मग?"

"मग काय. पुढच्या महिन्यात आकडा मागे जाईना." तो पुन्हा जेवू लागला. थोड्या वेळाने म्हणाला, "जाऊन सांगितलं. दुसरं काय करणार? मीटर तर तिथेच होता."

त्याच शिक्षकांची दुसरी कार्यशाळा दहाव्या दिवशी होती. तोच हॉल, त्याच जोडलेल्या खुर्च्या. साहेबांना दुपारी यायचं होतं, बाईंच्या हातात नेमणुकीचं पत्र द्यायला. बाईंनी सकाळीच माइक घेतला. त्या टेबलाला टेकून उभ्या राहिल्या.

"मागच्या वेळी मी तुम्हाला एक पान दिलं होतं," त्या म्हणाल्या. "ते खोटं आहे. मी मुद्दाम चूक घातली होती, तुम्ही पकडावी म्हणून. विद्वान रविवारी रजेवर होते. माश्या नव्हे. मी त्याच दिवशी सांगायला पाहिजे होतं. सांगितलं नाही. मला जागा हवी होती." एवढं बोलून त्या थांबल्या. आता हॉलमध्ये खळबळ माजेल, लोक संतापतील, कोणीतरी 'आम्हाला फसवलंत' म्हणेल, ह्या सगळ्याची तयारी त्यांनी केली होती.

काहीच झालं नाही. ऐंशी माणसं शांत बसली होती. फार तर थोडी अवघडलेली.

"तुम्हाला... आश्चर्य नाही वाटत?"

"त्यात काय आश्चर्य?" भूमितीचे सर म्हणाले. "ते तर वाचतानाच कळलं."

"कोणाला कळलं?"

सर आजूबाजूला बघू लागले. मग एक हात हळूच वर झाला. मग दोन. मग मागच्या रांगेत पाच-सहा. बाई बघतच राहिल्या. साठाच्या वर हात होते.

"अहो, मग बोलला का नाहीत?" बाईंचा आवाज चिरकला.

"शिक्का होता ना बाई."

"साहेब पुढे बसले होते."

"मला वाटलं, माझंच काहीतरी चुकतंय. बाकी सगळे माना डोलावत होते."

"मी बघितलं तुम्ही डोलावत होतात म्हणून डोलावली!"

"जेवण गार होत होतं, खोटं कशाला बोला."

चौथ्या रांगेतली ती अपेक्षित प्रश्न क्रमांक एकवाली शिक्षिका उभी राहिली. "बाई, तुम्ही इतक्या मनापासून बोलत होतात. म्हटलं, भर सभेत तुमचा पाणउतारा कशाला करा? चांगली बाई आहे. आपण वर्गात मुलांना सांगून टाकू, की हे सोडून द्या."

"आणि सांगितलंत?"

ती खाली बसली. "प्रश्न आला ना चाचणीला. मग म्हटलं, मुलांचे गुण जायला नकोत."

बाई खुर्चीवर बसल्या. इतके दिवस त्यांना वाटत होतं, की ह्या माणसांना विचार करायला कसं शिकवावं. आणि माणसं तर विचार करून, उत्तर काढून, ते खिशात घालून गप्प बसलेली होती. बाईंसारखीच. कोणत्याही पत्राने ह्याची कार्यशाळा मागितली नव्हती.

"हे पान मागे घ्यायला हवं," त्या म्हणाल्या. "त्यासाठी कार्यालयाला कोणीतरी लेखी द्यायला पाहिजे. मी देतेच आहे. पण मी एकटीने दिलं, तर मला चौकशी लागेल आणि पान तसंच राहील. कोण कोण सही करतं?"

सगळेच करायला तयार होते. फक्त पहिली सही कोणी करेना. कागद रांगेतून फिरत गेला आणि कोरा परत आला. प्रत्येकाने तो आदराने पुढच्याला दिला होता. शेवटी भूमितीचे सर उठले. टेबलावर बिस्किटांचा डबा होता, त्याचं झाकण त्यांनी कागदावर उपडं ठेवलं आणि कडेने पेन्सिल फिरवली.

"वर्तुळाला सुरुवात नसते," ते गंभीरपणे म्हणाले. "ह्यावर करा. कोण पहिला, ते कोणाला सांगता येणार नाही."

एवढ्या मोकळेपणाने त्या हॉलमध्ये त्याआधी काही घडलं नव्हतं. लोक खुर्च्यांच्या पट्ट्या ओलांडून आले, कागद फिरवून फिरवून सह्या करू लागले. कोणी दुसऱ्याची सही उलटी वाचून हसत होतं. दुपारपर्यंत वर्तुळाच्या आत आणि बाहेर मिळून अठ्ठ्याहत्तर सह्या झाल्या. दोघांना विचार करायला वेळ हवा होता, आणि विचाराच्याच कार्यशाळेत तो नाकारता येत नव्हता.

साहेब आले. एका हातात नेमणुकीचं पाकीट होतं. दुसऱ्या हातात बाईंनी तो कागद दिला. साहेबांनी तो सरळ धरला, मग आडवा धरला, मग उलटा धरला.

"ह्यात पहिली सही कोणाची?"

"गोल आहे साहेब," मागून कोणीतरी म्हणालं. साहेब पूर्ण वळले. पण मागे ऐंशी चेहरे होते आणि ह्या वेळी एकही खाली झाला नाही.

"मग जबाबदार कोण? फाइलवर काय लिहू मी?"

बाईंनी त्यांच्या हातातून कागद घेतला. वर्तुळाच्या मधोमध थोडी जागा उरली होती. तिथे त्यांनी लिहिलं: 'पान माझे. चूक मला पहिल्या दिवसापासून माहीत होती.' आणि खाली पूर्ण नाव, सरळ रेषेत.

साहेबांनी ते वाचलं. बराच वेळ वाचलं. दोन ओळींना तेवढा वेळ लागत नाही. मग त्यांनी पाकीट कोटाच्या आतल्या खिशात ठेवलं आणि म्हणाले, "मी त्या दिवशी घरी जाऊन मुलीला सांगितलं होतं. ती हसली माझ्यावर. मला वाटलं, हल्लीच्या मुलांना काही कळत नाही." एवढं बोलून ते गेले. जेवायलासुद्धा थांबले नाहीत.

चौकशी लागली, पण टाचणीभाऊंनी ती कुठेतरी टोचून ठेवली असावी, कारण ती पुढे सरकली नाही. मार्गदर्शकाची जागा दुसऱ्या एका गृहस्थांना मिळाली. त्यांना बाईंनी शिकवलेलं नव्हतं, तेवढंच समाधान. तीन आठवड्यांनी नवं पत्र आलं: 'मधमाश्यांच्या साप्ताहिक सुट्टीबाबतचे साहित्य रद्द करण्यात येत आहे. मधमाश्या सर्व दिवस काम करतात असे समजण्यात यावे. चाचणीतील प्रश्न क्रमांक चारचे गुण शाळास्तरावर दुरुस्त करावेत.'

बाई पत्र घेऊन सहावीच्या वर्गात गेल्या. त्यांनी मुलांना सगळं सांगितलं. विद्वानांची रजा, पान, माइक, शून्य. जागेबद्दलही सांगितलं. मुलं ऐकत होती, कारण मोठ्या माणसाची चूक एवढी सविस्तर ऐकायला मिळत नाही. मग त्यांनी मधाच्या पेट्यांवाल्याच्या मुलीला पेपर घेऊन पुढे बोलावलं. दप्तरातून निघालेल्या त्या पेपराच्या घड्या अजून तशाच होत्या. बाईंनी लाल पेनाने शून्य खोडलं आणि शेजारी एक लिहायला घेतला.

"बाई," मुलगी म्हणाली.

"काय गं?"

"ते पण बरोबर नाहीये."

"कोणतं?"

"मी लिहिलंय ना, रविवारी जास्त चावतात." तिने समासातल्या ओळीवर बोट ठेवलं. बोट जरा सुजलेलं होतं. "बाबा पेट्या फक्त रविवारी उघडतात. बाकीच्या दिवशी आम्ही जवळ जातच नाही. मग चावणार कुठून? मी ते मोजलेलंच नाही." तिने पेपर बाईंकडे सरकवला. "अर्धा द्या."

पेन कागदापासून बोटभर वर थांबलं. गुणपत्रकात अर्ध्याला रकाना नव्हता. एक दिला तर मुलीचं म्हणणं ऐकलं नाही असं झालं असतं आणि अर्धा दिला, तर सगळ्या वर्गात ज्या एकाच मुलीने आपणहून आपली चूक काढली तिचाच गुण कापला असता. वर्ग वाट बघत होता. बावीस वर्षांत बाईंनी हजारो पेपर तपासले होते, पण स्वतःचाच गुण कापून मागणारं मूल त्यांना पहिल्यांदाच भेटत होतं.

"बस इथे," त्या म्हणाल्या आणि आपली खुर्ची त्यांनी तिच्याकडे सरकवली. "मला कळत नाहीये. जरा दोघी मिळून बघू."